दोन शॉटांच्या मधली जागा : नवशिक्यांच्या वर्गात चार मिनिटांची फिल्म करताना

ओसरी

गेले तीन महिने दर शनिवार-रविवार मी फिल्ममेकिंगच्या एका वर्गाला जात होते. वर्ग अगदी प्राथमिक. आठ जण, एक कॅमेरा, एक साऊंड रेकॉर्डर, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून चार मिनिटांची एक फिल्म करायची, एवढाच अभ्यासक्रम. फिल्म गेल्या आठवड्यात पूर्ण झाली. सगळं ताजं आहे तोवर लिहून ठेवते आहे, कारण जे शिकायला मिळेल असं वाटलं होतं त्यापेक्षा फार वेगळं काहीतरी हाती लागलं. कोणी अशा वर्गाला जायचा विचार करत असेल तर उपयोग व्हावा.

मला दिग्दर्शन करायचं होतं. चिठ्ठ्या टाकल्या आणि माझ्या वाट्याला साऊंड आला. दोन दिवस मन खट्टू होतं. आज वाटतं की त्या वर्गात सर्वांत जास्त मला मिळालं, आणि ते त्या हेडफोनमुळे मिळालं.

पहिले दोन आठवडे कॅमेऱ्याला हात लावायचा नाही, असं मॅडमनी आधीच सांगितलं होतं. फक्त फोटो. सहा फोटोंत गोष्ट सांगायची, खाली एक अक्षर लिहायचं नाही. आमच्या गटाने "वाट पाहणारा माणूस" घेतला. घड्याळाकडे पाहणारा, खिडकीतून डोकावणारा, पुन्हा घड्याळाकडे पाहणारा, रिकामी खुर्ची, बंद दार, आणि शेवटी त्याचा चेहरा. मॅडमनी सहाही फोटो टेबलावर मांडले आणि काही न बोलता चौथा उचलून पहिला ठेवला. आता रिकामी खुर्ची आधी आणि तो माणूस नंतर. गोष्टच पालटली. आधी कोणीतरी यायचं होतं, आता कोणीतरी कायमचं गेलं होतं. फोटो तेच, माणूस तोच, चेहऱ्यावरची रेषही हललेली नाही.

मग त्यांनी कुलेशॉव्हची गोष्ट सांगितली. हा रशियन दिग्दर्शक आणि शिक्षक. १९२० च्या आसपास त्याने एका नटाच्या निर्विकार चेहऱ्याचा एकच तुकडा घेतला आणि तो वेगवेगळ्या शॉटांना जोडून दाखवला: सूपची वाटी, शवपेटी, एक स्त्री. लोकांना त्या एकाच चेहऱ्यावर कधी भूक दिसली, कधी दुःख, कधी अभिलाषा. आम्हीही वर्गातल्या एकाचा चेहरा घेऊन करून पाहिलं. वाचून कळणं निराळं, आणि ज्याच्या शेजारी बसून आपण डबा खातो त्याच्या कोऱ्या चेहऱ्यावर आपल्याला शोक दिसणं निराळं. अंगावर काटा आला.

तिसऱ्या आठवड्यात कॅमेरा हातात आला. काम एका ओळीचं: माणूस बाहेरून येतो, दार उघडतो, आत येऊन खुर्चीवर बसतो. पाच शॉट, संवाद नाही. तासाभराचं काम म्हणून घेतलं आणि अख्खा दिवस गेला. संध्याकाळी शॉट एकापुढे एक लावले तर बाहेरच्या शॉटमध्ये तो उजव्या हाताने कडी काढतोय आणि आतल्या शॉटमध्ये दार ढकलणारा हात डावा. बाहेर तो फ्रेमच्या डावीकडून उजवीकडे चालतो, आत आल्यावर उजवीकडून डावीकडे. बघणाऱ्याला वाटावं की गडी दारातूनच माघारी फिरला. खांद्यावरची पिशवी आत येईतो नाहीशी झालेली. प्रत्येक शॉट सुटा पाहिला तर सुरेख होता. कोणाचीच चूक म्हणता येत नव्हती, कारण चूक शॉटमध्ये नव्हतीच, ती दोन शॉटांच्या मधे होती.

दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा करायला लावलं, पण एका अटीवर. प्रत्येक शॉट घेण्याआधी मोठ्याने सांगायचं: याच्या आधी कोणता शॉट आहे, याच्या नंतर कोणता आहे. आणि कृती दोन्हीकडे पुरती घ्यायची. म्हणजे बाहेरच्या शॉटमध्ये त्याचं पाऊल आत पडेपर्यंत कॅमेरा थांबवायचा नाही, आणि आतल्या शॉटमध्ये पुन्हा कडी काढण्यापासून सुरुवात करायची. मग नेमकं कुठे कापायचं ते एडिटला ठरवता येतं. आम्ही दार अर्धवट उघडलेलं असताना, हालचालीच्या ऐन मध्यात कापलं, आणि कट दिसेनासा झाला. बघणाऱ्याचा डोळा त्या दाराबरोबर पुढे निघालेला असतो, कॅमेरा कधी बाहेरून आत आला ते त्याच्या लक्षातही येत नाही. त्या संध्याकाळी घरी जाताना मी रस्त्यातलं प्रत्येक दार बघत होते.

पटकथेबद्दल थोडक्यात. एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, हा जुना हिशोब. आमचा पहिला खर्डा नऊ पानांचा, पाच पात्रांचा, त्यात एक स्वप्न आणि एक अपघात. मॅडमनी तीन अटी घातल्या: दोन पात्रं, एक खोली, दहाहून कमी संवाद. उरलेली गोष्ट अशी: आई गेल्यावर मुलगा तिचं घर रिकामं करायला आला आहे. शेजारच्या आजी येतात आणि घराची दुसरी किल्ली परत देतात. ती त्यांच्याकडे होती हे मुलाला माहीतच नव्हतं. बस्स, एवढीच.

आता शूटिंग. दोन दिवस मिळाले होते. मी हेडफोन चढवला आणि पहिल्या पाच मिनिटांत कळलं की शांत खोली नावाची वस्तू नसते. कान जे गाळून टाकतो ते माइक गाळत नाही. फ्रिजची घरघर, पंखा, ट्यूबलाइटचा बारीक गुंजारव, वरच्या मजल्यावर सरकणारी खुर्ची. फ्रिज बंद केला तर नंतर चालू करायचं हमखास विसरतं, त्यावर या धंद्यातली एक जुनी युक्ती आहे: आपल्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची. ती घेतल्याशिवाय घरी जाताच येत नाही.

पण भिंतीवरच्या घड्याळाचा धोका माझ्या ध्यानात आला नव्हता. मॅडमनी आल्या आल्या त्याचा सेल काढला. मी विचारलं, टिकटिक तर छान वाटते, एकटेपणा वाढतो, राहू दे ना? त्या म्हणाल्या, कापून बघ. खरंच, दोन टेकमधले (एकच शॉट पुन्हा पुन्हा घेतो, त्यातला प्रत्येक प्रयत्न म्हणजे टेक) तुकडे जोडले की टिकटिक अडखळते. टिक, टिक, टि-टिक. चित्रातला कट जमलेला असूनही कान सांगतो की इथे काहीतरी तुटलं. टिकटिक हवीच असेल तर ती वेगळी रेकॉर्ड करायची आणि एडिटमध्ये सगळ्या शॉटांखालून सलग अंथरायची. सेल काढल्याचा आणखी एक फायदा म्हणजे काटे दिवसभर एकाच जागी राहिले.

पहिल्या दिवसाच्या शेवटी सगळे थकलेले, सामान आवरायच्या घाईत, आणि मॅडम म्हणाल्या, आहे तिथे उभे राहा, एक मिनिट कोणी हलायचं नाही. रूम टोन घ्यायचा होता. म्हणजे काहीच घडत नसताना त्या खोलीचा जो आवाज असतो तो. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, आणि तीच खोली दहा माणसं असताना वेगळी आणि रिकामी असताना वेगळी. म्हणून सगळे लोक आणि सामान जागेवर असतानाच तो घ्यायचा. आठ माणसं, दोन नट, सगळे एक मिनिट स्तब्ध. माझ्या कानात माणसांचे श्वास, लांबवर एक हॉर्न, आणि त्याखाली काहीतरी मऊसर, ज्याला नाव देता येत नाही. ते एक मिनिट मी कधी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी रूम टोन घ्यायचा राहिला. उजेड जात होता, शेवटचा शॉट कसाबसा मिळाला, आणि मी विसरले. जबाबदारी माझीच होती. त्या दिवशी बाहेर वारा होता. पहिल्या दिवशीचा शॉट आणि दुसऱ्या दिवशीचा शॉट शेजारी लावल्यावर आवाज असा बदलायचा की जणू कोणी बटण दाबलं. दोन संवादांच्या मधली खोकल्याची जागा काढली तर तिथे आवाजाला चक्क भोक पडायचं. पूर्ण शून्य शांतता इतकी मृत लागते की प्रेक्षक दचकतो. शेवटी उपाय सापडला तो असा: आम्ही "रोल साऊंड" म्हटल्यापासून "अॅक्शन" म्हणेपर्यंत चार-पाच सेकंद रेकॉर्डिंग चालू असायचं. दुसऱ्या दिवशीच्या प्रत्येक टेकमधली ती चार सेकंदं गोळा केली, त्यातले खोकले आणि पावलं काढली, तुकडे एकमेकांत विरघळवत जोडले, आणि वाऱ्याचं एक सलग मिनिट तयार केलं. दोन रात्री लागल्या.

कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डाचाही एक अपघात झाला. बाहेरच्या दाराचे चार शॉट ज्या कार्डावर होते ते आमच्यापैकी एकाने कॉपी झालं आहे असं समजून फॉरमॅट केलं. पुढच्या रविवारी पुन्हा घ्यावे लागले. तेव्हापासून नियम केला: एक जणच कॉपी करणार, दोन वेगळ्या डिस्कवर, आणि फाइली उघडून बघितल्याशिवाय कार्डाला हात नाही. दुसऱ्यांदा घेतलेले शॉट मात्र पहिल्यापेक्षा पुष्कळ चांगले आले, कारण तोवर शेजारचे शॉट एडिट टेबलावर लागलेले होते आणि आम्हाला नेमकं काय हवंय ते ठाऊक होतं.

एडिटिंगची एकच गोष्ट सांगते. आजींच्या तोंडी एक वाक्य होतं: "तुझी आई रोज यायची. किल्ली मागायला नाही, बसायला." आम्हा सगळ्यांचं लाडकं वाक्य. पहिल्या रफ कटमध्ये, म्हणजे कच्च्या जोडणीत, ते होतं, आणि फिल्म तिथेच ढेपाळत होती. जे कळायला लागलं होतं ते शब्दांनी येऊन सांगून टाकलं. चार दिवस आमची वादावादी झाली. मग ते काढून त्या जागी फक्त हात ठेवला: किल्ली टेबलावर ठेवलेली आहे आणि आजींची बोटं तिच्यावरून निघत नाहीत. तीन सेकंद.

त्याच्या आधीचा शॉट मुलाच्या पाठीचा आहे. तो खिडकीशी पाठमोरा उभा राहून खोक्यात काही भरतोय. आधी आम्ही असं लावलं होतं: पाठ, मग कट, मग टेबलावर पडणारी किल्ली आणि तिचा आवाज एकदमच. माहिती मिळत होती, आणखी काही नाही. मग किल्लीचा आवाज बारा फ्रेम (फ्रेम म्हणजे फिल्ममधलं एकेक स्थिर चित्र) अलीकडे ओढला, म्हणजे सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशोबाने अर्धा सेकंद. आता पाठ दिसतेय, किल्लीचा आवाज येतो, मुलाचा खांदा थबकतो, आणि मग कट होऊन किल्ली दिसते. याला जे-कट म्हणतात: आवाज आधी, चित्र मागून. त्या अर्ध्या सेकंदात त्याला आवाज ओळखू आला असं प्रत्येकाला वाटतं. खरं सांगायचं तर तिसऱ्या टेकमध्ये नटाचा खांदा थबकला तो पुढची कृती क्षणभर न आठवल्यामुळे. शूटिंगच्या वेळी आम्ही तो टेक "एनजी" (नो गुड, म्हणजे बाद) म्हणून लिहून ठेवला होता.

कोणी अशी फिल्म केली असेल तर तुमचे अनुभव लिहा. प्रश्न असतील तर माझ्या कुवतीनुसार उत्तरं देईन.

---

कवडसा

फार सुंदर लिहिलंय, ताई. रूम टोनचा परिच्छेद दोनदा वाचला आणि मग आमच्या बैठकीच्या खोलीत डोळे मिटून मिनिटभर बसले.

एक शंका. मी फोनवर छोट्या फिल्म करते आणि आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेते. टेकच्या सुरुवातीला वाजवलेली टाळी चित्रात आणि आवाजात जुळवली की सुरुवातीला ओठ आणि आवाज बरोबर असतात, पण तीन-चार मिनिटांनी आवाज हळूहळू सरकतो. माझं काय चुकतंय?

---

ओसरी

कवडसा, मनापासून आभार. हे आमच्याही सरावाच्या वेळी झालं होतं. बहुतेक फोन सेकंदाला ठरावीक फ्रेम घेत नाहीत, उजेड कमी-जास्त झाला की फ्रेमची संख्याही थोडी हलते. एडिटिंगचं सॉफ्टवेअर मात्र ती ठरावीक आहे असं धरून चालतं, म्हणून आवाज सरकतो. फ्रेम रेट लॉक करता येणारं कॅमेरा अॅप वापरा, किंवा एडिटला घेण्याआधी क्लिप ठरावीक फ्रेम रेटमध्ये बदलून घ्या. रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झवर (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने) ठेवा, व्हिडिओसाठी तेच चालतं. आणि शक्य असेल तर चार मिनिटं सलग चालवूच नका. प्रत्येक टेकला नवी टाळी.

---

शेवटचा_बाक

लेख आवडला, पण एक प्रामाणिक प्रश्न विचारतो. लाइन, जे-कट, रूम टोन, हे सगळं फुकट व्हिडिओंमध्ये दिसतं. मी तसंच शिकतोय. वर्गाला तीन महिने देण्यात वेगळं काय मिळालं?

---

ओसरी

प्रश्न रास्त आहे. लाइनचंच उदाहरण घ्या. दोन माणसं समोरासमोर बसली आहेत, त्यांच्यामधून एक काल्पनिक रेघ आहे आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवायचा, म्हणजे पडद्यावर ती एकमेकांकडे बघताना दिसतात. हे मला वर्गाच्या आधीपासून पाठ होतं. तरीही शूटिंगच्या दुसऱ्या दिवशी आम्ही लाइन क्रॉस केली. का, तर मधल्या वेळात आजी उठून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला गेल्या होत्या, त्यांच्याबरोबर रेघही फिरली, आणि ते आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. एडिटला दोघंही उजवीकडेच बघत होते, जणू दोघांना तिसरंच कोणी दिसतंय. मधे किल्लीचा क्लोजअप घालून निभावलं. त्यात कोणाचीच नजर नसल्यामुळे त्याच्यानंतर बाजू बदललेली खटकत नाही.

व्हिडिओत रेघ काढून दाखवलेली असते. खोलीत ती कोणी काढून देत नाही, आणि आपल्या हातून ओलांडली गेली की सात जण आपल्याकडे बघत असतात. दुसरं म्हणजे आपण एकटे करतो तेव्हा आपला शॉट आपल्याला आवडतो आणि तो राहतो. इथे मला माझ्या आवडत्या वाक्यासाठी चार दिवस भांडावं लागलं आणि शेवटी पटलं म्हणून सोडावं लागलं.

---

जुना_रीळवाला

धागा वाचून फार जुने दिवस आठवले. आम्ही शिकलो तेव्हा फिल्म होती, रीळ होतं. ३५ मिलिमीटरचा ४०० फुटांचा डबा सेकंदाला २४ फ्रेमने साडेचार मिनिटांच्या आत संपायचा. १६ मिलिमीटरचं १०० फुटांचं रीळ तर पावणेतीन मिनिटांत. विद्यार्थ्याला मोजकेच डबे मिळायचे. त्यामुळे कॅमेरा सुरू करण्याआधी तालीम, पुन्हा तालीम, पुन्हा तालीम. कॅमेऱ्याची घरघर सुरू झाली की सेटवर सगळ्यांचे श्वास रोखलेले असायचे, कारण तो आवाज म्हणजे रीळ संपत असल्याचा आवाज.

कुलेशॉव्हचा उल्लेख केलात म्हणून सांगतो. त्याच्या काळात रशियात कच्च्या फिल्मचा तुटवडा होता. त्याचे विद्यार्थी कोऱ्या फिल्मशिवायच "फिल्म" करायचे, म्हणजे शॉटांप्रमाणे तुकडे पाडून रंगमंचावर सादर करायचे. तुमच्या मॅडमनी दोन आठवडे कॅमेरा दिला नाही हे मला म्हणूनच फार आवडलं.

आणि आपल्या दादासाहेब फाळक्यांचा पहिला अभ्यास आठवा. लंडनहून कॅमेरा घेऊन आल्यावर १९१२ साली त्यांनी काय चित्रित केलं, तर वाटाण्याच्या दाण्यातून रोप उगवताना. एकेक फ्रेम, मधे काळ जाऊ द्यायचा, पुन्हा एक फ्रेम. भांडवल देणाऱ्याला या माध्यमाची ताकद पटावी म्हणून केलेली ती छोटी फिल्म. पुढच्याच वर्षी, १९१३ मध्ये, "राजा हरिश्चंद्र" आला. तुम्ही म्हणता ती दोन शॉटांच्या मधली जागा फाळक्यांनी दोन फ्रेमच्या मधे शोधली होती. रोप वाढलं ते कॅमेरा बंद असताना, आणि पडद्यावर मात्र वाढताना दिसलं.

---

ओसरी

दादा, तुमच्या प्रतिसादाने धाग्याचं सोनं झालं. वाटाण्याच्या फिल्मबद्दल वाचलं होतं, पण या बाजूने कधी विचारच केला नव्हता. "रोप वाढलं ते कॅमेरा बंद असताना" हे मी उद्या वर्गातल्या सगळ्यांना पाठवणार आहे. तुमची हरकत नसेल अशी आशा आहे.

---

रानवाट

माझं दुखणं उजेडाचं आहे. घरात एलईडी दिव्यांखाली शूट केलं की चित्रात पट्टे सरकताना दिसतात. आणि खिडकीजवळ घेतलं की चेहरा अर्धा निळा, अर्धा पिवळा. तुमच्याकडे कॅमेरा कोणाकडे होता? त्यांना विचारून सांगाल का?

---

ओसरी

रानवाट, कॅमेरा सांभाळणाऱ्या मुलीला विचारून लिहिते आहे.

पट्टे येतात कारण दिवा विजेच्या लयीत लुकलुकत असतो. वीज ५० हर्ट्झची असेल तर सेकंदाला १०० वेळा. मग शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेम किती वेळ उजेड घेते तो वेळ, १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवायचं. वीज ६० हर्ट्झची असेल तर १/६० किंवा १/१२०. फोन ऑटोवर असला की शटर मनाला येईल तसं बदलत राहतो, म्हणून तो लॉक करायला हवा. काही स्वस्त एलईडींचा लुकलुकाट याही हिशोबात बसत नाही, तिथे दिवा बदलणं हाच मार्ग.

निळा-पिवळा चेहरा म्हणजे दोन वेगळे उजेड एकत्र झाले. जुने पिवळे बल्ब साधारण २७०० ते ३००० केल्विनचे (केल्विन हे उजेडाचा रंग मोजायचं एकक), दिवसाचा उजेड ५६०० च्या आसपास. कॅमेऱ्याला एकाच वेळी दोघांना पांढरं मानता येत नाही. आम्ही खोलीतले सगळे दिवे बंद केले, फक्त खिडकी ठेवली, आणि चेहऱ्याच्या अंधाऱ्या बाजूला पांढरं थर्माकोल धरलं. एवढ्यावर दोन दिवस निघाले.

माझ्याकडून एक भर घालते. खिडकीचा उजेड फुकट असतो, पण तो चालतो. आम्ही सकाळी लाँग शॉट घेतला तेव्हा जमिनीवर उन्हाचा चौकोन खुर्चीच्या पायाशी होता. तीन तासांनी क्लोजअपला बसलो तेव्हा तो भिंतीवर चढला होता. एकाच वाक्याच्या मधे ऊन उडी मारतं असं दिसायला लागलं. मग शॉटांचा क्रम गोष्टीप्रमाणे न ठेवता उन्हाप्रमाणे लावला, म्हणजे चौकोन ज्या शॉटांत दिसतो ते सगळे आधी उरकले.

---

अबोली

ओसरीताई, मी आठवी-नववीच्या मुलांसोबत अशीच फिल्म करायच्या विचारात आहे. हाताशी एक फोन आणि एक साधा कॉलर माइक आहे. साऊंडसाठी सगळ्यात आधी काय शिकवू?

---

ओसरी

अबोली, किती छान! सगळ्यात आधी मुलांना कानांनी खोली तपासायला शिकवा. हेडफोन लावून एकेकाने दोन मिनिटं गप्प बसायचं आणि ऐकू आलेलं सगळं कागदावर लिहायचं. आमच्या वर्गात दर वेळी दहा-बारा आवाज निघायचे.

मग माइक तोंडाच्या जवळ न्यायचा. अंतर दुप्पट झालं की थेट आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो आणि खोलीचा घुमारा वर येतो. पाच फुटांवरून फोनच्याच माइकने घेतलेला संवाद विहिरीतून आल्यासारखा लागतो तो त्यामुळे. कॉलर माइक कपड्यावर घासतो, तेव्हा वायरचा छोटा वळसा करून चिकटपट्टीने आतून चिकटवा आणि नटाला हात वर करून, वाकून, बसून बघायला सांगा. आमच्या आजींचं नायलॉनचं कापड इतकं सळसळायचं की शेवटी माइक टेबलावरच्या पुस्तकांमागे लपवला. मोठ्यात मोठा आवाज मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील (शून्याच्या वर गेला की फुटतो) अशी पातळी ठेवा, अचानक कोणी ओरडलं तरी फुटत नाही.

आणि ज्याच्या कानात हेडफोन आहे त्याला "पुन्हा घ्या" म्हणायचा हक्क द्या. तो सर्वांत लहान मुलगा असला तरी. पहिल्या दिवशी मला हे म्हणायला संकोच वाटत होता आणि त्यामुळे एक चांगला टेक मोटारसायकलच्या आवाजाखाली गेला.

---

शेवटचा_बाक

तुमचं उत्तर वाचून काल मित्राला बोलावलं आणि दाराचा तो पाच शॉटांचा अभ्यास करून बघितला. मला वाटलं होतं आपल्याला हे येतं. हात बरोबर जमला, दिशाही जमली, पण तो आत आल्यावर दार आपोआप बंद झालेलं आहे, कोणी बंद केलं ते कुठेच नाही. उद्या परत घेतोय.

एक विचारायचं राहिलं. किल्लीचा जो आवाज आधी येतो, तो त्याच टेकमधला आहे का?

---

ओसरी

दार परत घ्याच, आणि जमलं की इथे लिहा. मी वाट बघते.

किल्लीचा आवाज त्या टेकमधला नाही. टेकमध्ये ती टेबलावरच्या कागदावर पडली होती, आवाज अगदी भुसभुशीत आला. नंतर एका संध्याकाळी मी एकटीनेच बसून तो घेतला. काचेवर ठेवून पाहिली तर फार टोकदार, पत्र्यावर खोटी, नुसत्या लाकडावर जवळजवळ बरोबर पण हलकी. फिल्ममध्ये दिसते ती किल्ली नवी आणि पातळ आहे. शेवटी घरातल्या एका जुन्या कुलुपाची जाड किल्ली घेतली, लाकडी कपाटाचा खण बाहेर काढून उलटा ठेवला, म्हणजे खाली पोकळी राहिली, आणि त्यावर ती टाकली नाही, ठेवली. आधी टोक टेकतं, मग कडं. दोन आवाज, मधे अगदी थोडी फट. चौदा वेळा घेतला. फिल्ममध्ये आहे तो सातवा.